हातचा कोणी धरायचा

माझी सगळी नोकरी गणित शिकवण्यात गेली, मुलुंड पूर्वेच्या एका मराठी शाळेत. सुरुवातीला तिसरी-चौथी, मग पाचवीपासून वरचे वर्ग. या सगळ्या काळात मी सर्वांत जास्त वेळा कुठला शब्द उच्चारला असेल, तर तो कुठल्या देवाचं नाव नव्हे. तो 'हातचा'. सात नि आठ पंधरा, पंधराचे पाच, हातचा एक. माझ्या घशाची वाट खडूने नाही, या एका शब्दाने लावली, असं मी स्टाफरूममध्ये म्हणायचे. इतिहासाच्या बाई म्हणायच्या, "तुमचं बरं आहे हो, तुमचा एकच शब्द. आमच्या सनावळ्या पाठ करून बघा." मला ते पटायचं नाही, पण वाद घालायला मधली सुट्टी पुरायची नाही.

एकदा तिसरीतल्या एका बडबड्या मुलीने विचारलं, "बाई, हातचा म्हणजे कोणाच्या हातचा?"

मी म्हटलं, "तुझ्या. गप्प बस आणि मिळव."

ती गप्प बसली, मिळवलाही तिने. पण प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. गणिताच्या माणसाला शब्दांकडे बघायची सवय नसते. शब्द म्हणजे आमच्या दृष्टीने पिशवी, आतला आकडा महत्त्वाचा. तरी त्या दिवशी घरी येताना मी तो शब्द सोलून बघत होते. बेरीज आपल्याकडे फारसीतून आली, वजाबाकीचं घराणं अरबीकडचं, गुणाकार-भागाकार संस्कृतातले. सगळे कुठून ना कुठून बारशाचे कपडे घालून आलेले. 'हातचा' मात्र घरातलाच. संस्कृतातला हस्त, प्राकृतात हत्थ, मराठीत हात, आणि त्याला आपला साधा 'चा'. घरचा, गावचा, तसा हातचा. हातात ठेवलेला. कुठल्या पंडिताने हा शब्द बसून घडवला असेल असं वाटत नाही. कोणीतरी बेरीज करत असताना बोटाच्या पेरावर अंगठा दाबून धरला असेल, आणि 'हे काय?' असं विचारल्यावर 'हे हातचं' असं म्हटलं असेल. हा माझा अंदाज, याला पुरावा नाही. पण अंगठ्याने बोटांची पेरं मोजली तर एका हातावर बारा भरतात, आणि रोजच्या बेरजेला तेवढे पुरतात.

तेव्हा मुलुंडमध्ये इंग्रजी शाळांची चलती सुरू झाली होती. आमच्या पहिल्या मजल्यावरचा मुलगा जिन्यात बसून गृहपाठ करताना "वन कॅरी, टू कॅरी" असं म्हणायचा. कॅरी म्हणजे नेणे. त्यांच्याकडे तो अंक उचलतात आणि पुढच्या घरात नेऊन ठेवतात. आपल्याकडे तो कुठे जात नाही. पुढच्या घराची बेरीज होईपर्यंत कोणीतरी तो धरून थांबायचं असतं. हा फरक मला फार उशिरा कळला, आणि पुस्तक वाचून नाही कळला.

आमच्या घरी हा शब्द 'हातचो' असा होता. आईबाबा दोघे मालवणकडचे, तिथे पुल्लिंगी शब्दाच्या शेवटी असा गोल 'ओ' येतो. बाबा गावी सातवीची फायनल परीक्षा पास झालेले. त्या काळात तेवढ्यावर मास्तरकी मिळायची. पण मोठ्या भावाने मुंबईला बोलावलं आणि ते परळच्या एका गिरणीत साच्यावर उभे राहिले, म्हणजे मागावर. आई दुसरीपर्यंत शिकलेली. तिला अंक वाचता यायचे, लिहायचा कंटाळा. पाढे मात्र तिला अडीचकीपर्यंत पाठ, आणि ते ती भांडी घासताना म्हणायची, तेही उलट्या क्रमाने, कोणी ऐकत असेल तर मुद्दाम.

हे दोघे बेरीज एकत्र करायचे. मला वाटायचं सगळ्यांच्या घरी अशीच करतात. साच्यावर आठवड्यात किती वार कापड निघालं, ते बाबा रोज कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून आणायचे, आणि शनिवारी चाळीतल्या खोलीत बसून त्याची बेरीज व्हायची, खात्यातल्या आकड्याशी पडताळायला. बाबा जमिनीवर, पुढ्यात पाट, पाटावर कागद. आई समोर तांदूळ निवडत. बाबा एककाचं घर मोठ्याने मिळवायचे, खाली अंक मांडायचे आणि म्हणायचे, "हातचे तीन." आई म्हणायची, "हं." बस, एवढंच. मग बाबा दशकाच्या घरात शिरायचे. ते संपलं की मान वर न करता विचारायचे, "कितके गो?" आई म्हणायची, "तीन. चला फुडे." ते तीन मिळवले जायचे, नवा हातचा निघायचा, तोही आईकडे जायचा. तिचा एक अंगठा बोटाच्या पेरावर असायचा आणि दुसरा हात तांदळातून फिरत असायचा. मध्ये दारावर कोणी आलं, दूध उतू गेलं, आम्ही भावंडं भांडलो, तरी तिचा हातचा कधी सुटला नाही. आम्हाला धपाटा घालायचा असला तर ती मोकळ्या हाताने घालायची.

मी शिक्षिका झाले तेव्हा हे मला हास्यास्पद वाटायला लागलं. मी बाबांना म्हटलं, "अहो, हातचा वरती बारीक लिहायचा असतो, दशकाच्या डोक्यावर. आम्ही मुलांना तसंच शिकवतो." बाबा म्हणाले, "कागद कित्याक घाण करूचो? ही बसली हा ना हय." आई हसली. वजाबाकीवरूनही आमचं वाजायचं. मी वर्गात 'उसना' शिकवायचे, म्हणजे शेजारच्या घरातून एक दशक मागून आणायचा. बाबांची पद्धत जुनी. दोनातून सात जात नाहीत, बारातून सात गेले पाच, हातचा एक, तो खालच्या आकड्यात मिळवायचा. "शेजारणीकडे मागूक कित्याक जातास? आपलो हातचो आसा ना," असं ते म्हणायचे, आणि आई लगेच, "तेंका शेजारीण होयीच आसता, मी नको म्हणतंय म्हणान," असं काहीतरी टाकायची. उत्तर दोन्हीकडून एकच यायचं.

माझ्यामुळे घरात एक नवं काम आलं. परीक्षा झाली की शिक्षक पेपरांचे गठ्ठे घरी आणतात, आणि पेपर तपासून झाले की घरातल्या कोणाला तरी बेरजेला बसवतात. हे नियमात बसतं की नाही ते मला विचारू नका, सगळ्या शाळांत चालतं. इतिहासाच्या बाईंचा नवरा बँकेतून आल्यावर बेरजा करायचा. आमच्याकडे आईबाबा. उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर प्रश्नवार गुण लिहिलेले असायचे, त्यांची बेरीज बाबा पेन्सिलीने करायचे, हातचे आई धरायची. मी स्वयंपाकघरात असायचे आणि बाहेरून तो आवाज यायचा. हातचे दोन. हं. कितके गो? दोन. चला फुडे. वर्षातून दोनदा, सहामाहीला आणि वार्षिकला. चाळीत असताना शेजारचे चेष्टा करायचे, यांच्याकडे भजन बसलंय म्हणून.

मग गिरण्यांचा संप झाला आणि तो मिटेचना. बाबांचे सोबती एकेक करून गावी गेले. माझा भाऊ आधीच बायकोमुलांना घेऊन नाशिककडे गेला होता. माझ्या पगारावर मुलुंडला दोन खोल्या मिळाल्या आणि आम्ही तिघं तिथे राहायला आलो. नवी इमारत, स्वतंत्र संडास, दारांना आतून कडी. या कडीचं आईला फार अप्रूप होतं. चाळीत दार फक्त झोपताना लागायचं. इथे सगळी दारं दिवसभर बंद. समोर कोण राहतं ते आम्हाला दिवाळीला कळलं. दुसऱ्या वर्षी पावसाळा संपताना आईला ताप आला, कावीळ निघाली, आणि महापालिकेच्या इस्पितळात ती गेली. तिला जाताना शुद्ध नव्हती. बाबा बाकावर बसले होते, मी औषध आणायला खाली गेले होते.

त्यानंतर घर कसं झालं ते सांगते. मी सकाळी शाळेत जायचे, दुपारी यायचे. बाबा सकाळी मिठागरांच्या कडेपर्यंत चालत जायचे आणि परत येऊन गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. "जेवलात?" "हं." "चहा टाकू?" "टाक." "डोळ्यांत थेंब घातले?" "घातलंय." दिवसभराचं आमचं बोलणं एका पोस्टकार्डावर मावलं असतं, वर पत्ता लिहून. ते रागावलेले नव्हते. मला काही हवं-नको ते बघायचे, पाणी भरून ठेवायचे, मी आजारी पडले तर कांजी करायचे. फक्त बोलायचे नाहीत. आई असताना ते बोलके होते का, असं मला कोणी विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. आता आठवून बघितल्यावर लक्षात आलं की ते सगळं तिच्याशी बोलायचे आणि आम्ही ते ऐकायचो.

मला तेव्हा छत्तिसावं चालू होतं. बघायला येणारे यायचे थांबून बरीच वर्षं झाली होती. सुरुवातीला मी नोकरी करते म्हणून नको, मग संपात नोकरी गेलेल्याची मुलगी म्हणून नको, नंतर नको म्हणायलाही कोणी यायचं राहिलं. मला त्याचं एरवी फार काही वाटायचं नाही, खोटं कशाला सांगू. पण दुपारी शाळेतून येऊन दाराला कुलूप नसलेलं बघायचं, आत माणूस आहे हे माहीत असायचं, आणि तरी घर रिकाम्यासारखं गप्प असायचं, ते मला सोसायचं नाही. मी रेडिओ लावायचे. बाबा उठून जरा हळू करायचे. मी वर्गात दिवसभर ओरडून आलेली बाई, घरी माझा स्वतःचा आवाज मला परका वाटायला लागला.

सहामाहीच्या वेळी आईला जाऊन थोडेच दिवस झाले होते, म्हणून बेरजा मी शाळेतच केल्या. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा झाली. मी सातवीचा गठ्ठा घरी आणला आणि मुद्दाम जेवणाच्या पाटाशेजारी ठेवला. तपासून झाले आहेत म्हटलं, बेरजा राहिल्यात. मी भांडी घेऊन आत गेले. थोड्या वेळाने पेन्सिलीला टोक काढल्याचा आवाज आला, आणि मग, इतक्या महिन्यांनी, मोठ्याने:

"चार नि नऊ तेरा, तेरा नि सात वीस, वीस नि आठ अठ्ठावीस, नि सा चौतीस, नि तीन सदतीस. सात. हातचे तीन."

मी नळ बंद केला. पुढे जरा शांतता, मग दशकाचं घर, मग पुढचा पेपर. हातचे दोन. शांतता. हातचे तीन. शांतता. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि मला रडू आलं, आनंदाने आलं. घरात माणूस बोलत होतं. मला वाटलं, निघालं यातून आता. तो गठ्ठा संपेपर्यंत मी बाहेर गेलेच नाही, न जाणो मी गेले आणि ते थांबले तर.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये गुण यादीवर चढवायला घेतले. पहिल्याच मुलाला शंभरात सदतीस. तो बरा मुलगा होता, मला नवल वाटलं. दुसरीला एकेचाळीस. वर्गातल्या सर्वांत हुशार मुलीला अठ्ठावन्न. तेव्हा मी पेन ठेवलं आणि तिची बेरीज स्वतः केली. अठ्ठ्याऐंशी. पहिल्या मुलाची केली. सदुसष्ट. मग मी एकेक करून सगळा गठ्ठा पाहिला. प्रत्येक पेपरवर एककाचा अंक बरोबर होता, आणि प्रत्येक पेपर दहा, वीस किंवा तीस गुणांनी कमी होता.

बाबांना हिशेब येत नव्हता असं नाही. त्यांची बेरीज कधी चुकली नव्हती. त्यांनी जन्मभर केलं तेच आताही केलं होतं. हातचा काढला, समोर दिला, आणि दशकाच्या घरात गेले. फक्त समोरून 'तीन' असं कोणी म्हटलं नाही. त्या मधल्या शांततेत ते वाट बघत होते, आणि मी आत उभी राहून आनंदाने रडत होते. हातचा स्वतः धरायची त्यांच्या हाताला सवयच नव्हती.

मी सगळ्या बेरजा लाल शाईने दुरुस्त केल्या. इतिहासाच्या बाईंनी विचारलं, "एवढं काय खोडताय?" मी म्हटलं, "माझंच चुकलंय." त्या दिवशी घरी आल्यावर बाबांनी दार उघडतानाच विचारलं, "आणखी आसत काय पेपर?"

दुसरा कोणी असता तर त्याने सांगून टाकलं असतं. मी सहावीचा गठ्ठा पिशवीतून काढून दिला. त्या संध्याकाळीही बेरजा मोठ्याने झाल्या, त्याही चुकल्या, आणि मी त्याही शाळेत नेऊन मधल्या सुट्टीत पुन्हा केल्या. मग पाचवीचा. मला दुप्पट काम पडत होतं आणि माझी त्याबद्दल काही तक्रार नव्हती. संध्याकाळी घरात आवाज असायचा. बेरजा झाल्यावर बाबा एखाददुसरं वाक्य बोलायचेही. या पोराचं अक्षर बरं आहे. या चेडवाने, म्हणजे मुलीने, पेपराच्या मागे फूल काढलंय. एकदा तर शेजारून कोणाकडे तरी सुके बांगडे भाजल्याचा वास आला, तेव्हा म्हणाले, "आवशीचो हात वेगळोच होतो." आईचं नाव निघालेलं ते पहिल्यांदाच.

मग माझा घोळ झाला. मुख्याध्यापिकाबाईंना पाचवीचे काही पेपर पालकांना दाखवायचे होते, ते दुसऱ्या दिवशी सकाळीच द्यायचे म्हणून मी घरी घेऊन आले आणि टेबलावर ठेवून आंघोळीला गेले. बाहेर आले तर बाबा चष्मा लावून उभे होते. हातात पेपर होता. त्यांच्या पेन्सिलीच्या अंकांवर माझी लाल रेघ, शेजारी माझा अंक. त्यांनी एक पेपर खाली ठेवला, दुसरा उचलला. सगळे बघितले. मी केसांना टॉवेल गुंडाळून उभीच. मला वाटलं होतं ते रागावतील. ते म्हणाले, "सगळे?"

मी म्हटलं, "हो."

"सातवीचेय?"

"हो."

त्यांनी पेपर होते तसे नीट एकावर एक ठेवले आणि गॅलरीत जाऊन बसले. जेवायला आले, जेवले, ताट उचललं. मला स्वतःचा इतका राग आला होता. गठ्ठा पिशवीत राहू दिला असता तर काय बिघडलं असतं? आता पुन्हा ते बोलायचे नाहीत, आणि यावेळी कारण मी.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेतून आले तर जमिनीवर पाट मांडलेला, पाटावर जुन्या कॅलेंडरचं पान पालथं घातलेलं. बाबा म्हणाले, "बस. माका सांग, तुमच्या शाळेत पोरां हातचो खंय लिवतत?"

मी पर्स खांद्यावरून न काढताच त्यांच्यासमोर बसले. आई बसायची त्या जागी. मला वाटलं, हीच वेळ आहे. मी म्हटलं, "बाबा, लिहायचं कशाला? मी बसते ना समोर. तुम्ही म्हणा, मी धरते हातचा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझा अंगठा खरंच बोटावर जाऊन बसला होता, ते त्यांनी पाहिलं. म्हणाले, "नको. तुका तुझी कामां कमी आसत? दाखव माका."

मग मी दाखवलं. दशकाच्या घरावर, डोक्याशी, बारीक अंक. तिसरीच्या मुलांना दाखवते तसंच. एककाची बेरीज करा, खाली अंक मांडा, हातचा लगेच वरती लिहा, मग तो आधी धरूनच दशक मिळवा. त्यांनी एक बेरीज करून बघितली. हातचा लिहायला विसरले, थांबले, परत वर जाऊन लिहिला. दुसऱ्यात लिहिला. तिसऱ्यापासून चुकले नाहीत. त्यांचं अक्षर मोठं होतं, बारीक अंक लिहायला त्यांना पेन्सिल अगदी टोकाशी धरावी लागायची. कॅलेंडरचं पान भरलं तेव्हा ते म्हणाले, "आता दी एक गठ्ठो."

शेवटचा, आठवीचा राहिला होता. मी दिला आणि कणिक मळायला आत गेले. कणिक मळून झाली, पोळ्या झाल्या, भाजीला फोडणी पडली, बाहेरून काही ऐकू येईना. मी दारात येऊन बघितलं. ते वाकून लिहीत होते, ओठ मिटलेले. एक पेपर उजवीकडून घेतला, डावीकडे ठेवला. मी जवळ जाऊन डाव्या बाजूचे दोन-तीन पेपर बघितले. बरोबर होते. सगळे बरोबर. प्रत्येक बेरजेच्या डोक्यावर त्यांचा तो बारीक केलेला अंक.

अंक लिहिला की तोंडाने म्हणायचं काही उरत नाही. हे मला, गणिताच्या बाईला, आधी सुचायला हवं होतं. त्यांना आता कोणी समोर लागणार नव्हतं, आणि ते शिकवलं मीच.

मला राहवलं नाही. मी हात पुसत म्हटलं, "बाबा, तोंडाने म्हणत चला ना. आधी म्हणायचात तसं. घरात तेवढाच आवाज होतो. मला बरं वाटतं हो."

एवढं सरळ मी त्यांच्याशी आयुष्यात कधी बोलले नव्हते. त्यांनी चष्मा काढला. डोळ्यांचे कोपरे चिमटीत धरले आणि सोडले. मग माझ्याकडे न बघता, अगदी समजावून सांगावं तसं म्हणाले,

"आणि उद्या तू लगीन करून गेलंस, मगे? परत नव्यान गप रवाक शिकू?"

मी जाणार नव्हते, मला कोणी न्यायला येणार नव्हतं, हे त्या इमारतीत सगळ्यांना माहीत होतं. फक्त बाबांना माहीत नव्हतं, किंवा माहीत असून त्यांनी ते मानलं नव्हतं. माझ्यासाठी त्यांनी अजून दार उघडं ठेवलं होतं, आणि त्या दारातून मी गेले तर आपल्याला जड जाऊ नये म्हणून आधीच सवय करत होते. मी म्हटलं, "पोळ्या गार होतायत." ते म्हणाले, "एवढे पुरे करतंय."

मी कुठे गेले नाही. बाबा त्यानंतर पुष्कळ वर्षं होते. दर सहामाहीला आणि दर वार्षिकला मी गठ्ठे आणायचे आणि ते बेरजा करायचे, एकही चुकायची नाही. शाळेत माझ्या याद्यांना कधी खाडाखोड नसायची, मुख्याध्यापिकाबाई त्याचं कौतुक करायच्या. घरी मी आत असायचे, ते बाहेर. त्यांनी पेपर उलटल्याचा आवाज यायचा.